स्क्रमची हाक

उंटाने त्याला ओळखलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

उंट म्हणजे त्याचा जुना साथीदार. देशाच्या रग्बी संघात हा पहिल्या फळीत आणि उंट बरोबर त्याच्या मागे. वर्षानुवर्षं त्या माणसाने याच्या पार्श्वभागाला खांदा लावून रेटलं होतं. एवढी जवळीक सख्ख्या भावांतही नसते, असं सांगून दोघं लग्नकार्यात बायकांना लाजवायचे. आता तो उंट एका शुश्रूषागृहात खिडकीशी, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसला होता. त्याने याच्याकडे पाहिलं, सभ्यपणे हसला आणि विचारलं, "नळ दुरुस्त करायला आलात ना? कधीचा गळतोय."

"हो," हा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उठून न्हाणीघरात गेला, नळ उघडून बंद केला आणि परत आला.

उंटाची बायको दाराशी उभी होती. "भावोजी, सुरुवातीला आम्हाला वाटलं थट्टाच करतोय. तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत आहे. आधी एखादा शब्द अडायचा. मग अख्खी दुपार गायब व्हायला लागली. कुठे होतास विचारलं की म्हणायचा, इथेच तर होतो." डॉक्टरांचं म्हणणं, खेळात डोक्याला बसलेले मार. मोठे नव्हेत, मोठे तर सगळ्यांच्या लक्षात राहतात. हे बारीकसारीक, रोजचे, कोणी मनावर न घेतलेले.

बाहेर आल्यावर याला आपली गाडी सापडेना. उभ्या गाड्यांच्या रांगेतून तो किल्ली चाचपत दोनदा फिरला, खिसे उलटे केले, पहारेकऱ्याशी हुज्जत घातली. मग आठवलं, गाडी मुलगी घेऊन गेलीय आणि आपण बसने आलोय. पहारेकरी हसला, हाही हसला. पण बसमध्ये बसल्यावर त्याला उंटाच्या गायब झालेल्या दुपारी आठवल्या.

मैदानावर त्याला सगळे ठोकळा म्हणायचे, आणि ते नाव त्याला शोभायचंही. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात हे शिंप्यालाही कळायचं नाही. दोन्ही कान चुरगळलेले, नाक तीनदा मोडून चौथ्यांदा कसंबसं बसवलेलं. देशाकडून खेळला, सहा देशांत मार खाल्ला, सहाही देशांत दिला. पाय थकले तसा प्रशिक्षक झाला, आणि आता शहरातल्या महिला संघाला शिकवत होता. पोरी त्याच्या शिव्या खायच्या आणि त्याच्यासाठी जीव टाकायच्या. त्याची स्वतःची लेक त्याच संघात पहिल्या फळीत होती. घरी तिला छकुली म्हणत. छकुली दारातून आत आली की दार अरुंद वाटायचं.

आता स्क्रम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यातच अडकलाय. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी एकमेकींना घट्ट धरून वाकतात, समोरच्यांच्या डोक्यांच्या फटीत आपली डोकी घालतात आणि मधल्या चेंडूसाठी रेटतात. सगळ्यात वाईट जागा पुढच्या फळीतल्या मधलीची. तिचे दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर अडकलेले. पडली तर टेकायला हात नाहीत, डोकंच आधी जमिनीवर जाणार. म्हणून हे भिडणं मनाला येईल तसं होत नाही, हाकेवर होतं. वाका. धरा. भिडा. सामन्यात ही हाक रेफरी देतो, सरावात प्रशिक्षक. 'धरा' आणि 'भिडा' यांच्यामध्ये श्वासभर थांबायचं, सगळ्या स्थिर झाल्या की नाही ते बघायचं आणि मगच सोडायचं. यात गडबड झाली, एक बाजू सुटली आणि दुसरी तयार नसली, तर अख्खा ढीग कोसळतो. त्याखाली मधलीची मान असते.

ठोकळ्याच्या संघात ही मधली जागा खारुताईची. अंगाने लहानखुरी, जिभेने तिखट, एका जागी ठरेल तर शपथ. ठोकळा ओरडला की तिला हसू फुटायचं, आणि तिला हसताना पाहून याचा राग निम्मा व्हायचा.

उंटाकडून आल्यापासून मात्र हाक देणं त्याला सोपं राहिलं नव्हतं. इतकी वर्षं जे आपोआप तोंडातून निघायचं ते आता तो आधी मनात म्हणून बघायचा. आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं.

"वाका," तो म्हणाला. सगळ्या वाकल्या. "धरा." सगळ्यांनी धरलं. आणि पुढे काहीच नाही. पुढे एक शब्द आहे एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या शब्दाची जागा त्याला दिसत होती, शब्द दिसत नव्हता. समोर पोरी वाकून थांबलेल्या, मांड्या थरथरताहेत, कोणाच्या तरी नाकावरून घाम टपकतोय, आणि हा तोंड उघडं टाकून बघत उभा. मग खालून, त्या सगळ्या डोक्यांच्या गर्दीतून आवाज आला, "भिडा!" छकुलीचा आवाज. दोन्ही बाजू भिडल्या, नीट भिडल्या, चेंडू बाहेर आला. पोरींना वाटलं, सरांनी नवीन काहीतरी काढलं असेल.

घरी जाताना गाडी छकुली चालवत होती.

"बाबा, मघाशी काय झालं तुला?"

"कुठे काय? घशात कफ अडकला."

"कफ अडकला की माणूस खोकतो. तू नुसता बघत होतास."

ठोकळा खिडकीबाहेर बघायला लागला. दुकानं मागे जात होती. प्रत्येक पाटीवरचं नाव तो मनातल्या मनात वाचत होता, सगळी वाचता येताहेत म्हणून जरा धीर धरत होता.

"उंटकाकांचंही असंच सुरू झालं होतं ना?" ती म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस." त्याचा आवाज इतका चढला की तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते गं. डॉक्टरकडे गेलो तर तो नाव देईल या गोष्टीला. एकदा नाव दिलं की संपलं. मग मीही त्या खिडकीशी."

बापाला भीती वाटते हे छकुलीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ज्या माणसाने मोडलेलं नाक घेऊन सामना पूर्ण केला, तो तिच्या शेजारी पट्टा बांधून, हात मांडीवर ठेवून शाळकरी पोरासारखा बसला होता. तिथेच तिचं चुकलं. तिने त्याला उचलून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, तेवढी ताकदही तिच्यात होती. पण तिला त्याची दया आली, आणि तिने सौदा केला.

"ठीक आहे. तोंडावर आलेली स्पर्धा संपेपर्यंत तू शिकव. पण स्क्रमची हाक तू द्यायची नाही. फिजिओला देऊ दे. तुझा घसा बसलाय असं मी सांगते तिला. आणि स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. कबूल?"

"कबूल."

"आईला सांगू?"

"आईला अजिबात नाही."

फिजिओ म्हणजे संघातल्या पोरींचे दुखरे स्नायू आणि मुरगळलेले घोटे बघणारी बाई. पूर्वी स्वतः खेळलेली, हाक कशी द्यायची हे तिला माहीत होतं. तिने काही शंका न घेता हाक द्यायला सुरुवात केली. वर ठोकळ्याला मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितलं. काही दिवस सुरळीत गेले. ठोकळा हातांची घडी घालून बाजूला उभा राहायचा, फिजिओ हाक द्यायची, आणि त्याला हायसं वाटायचं. तेवढ्यापुरतंच. घरी आला की न्हाणीघराचं दार लावून तो ते तीन शब्द घोकायचा. वाका, धरा, भिडा. दाढी करताना, अंग पुसताना, पुन्हा पुन्हा. ते तीन आठवतात तोवर आपण शाबूत आहोत असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"अहो, आत कोणाशी झुंजताय?" बायको बाहेरून विचारायची. तो उत्तर द्यायचा नाही, तीही परत विचारायची नाही. पूर्वी खोदून खोदून विचारणारी बाई हल्ली गप्प राहून त्याच्या मागोमाग फिरायची. गॅस बघायची, दाराची कडी बघायची, त्याने फ्रिजमध्ये ठेवलेला चष्मा न बोलता आणून टेबलावर ठेवायची. तिच्या या गप्प राहण्याने त्याची झोप उडाली होती.

त्या मंगळवारी छकुली नव्हती. ती शाळेत व्यायाम शिकवायची, आणि शाळेच्या मुलांना घेऊन दोन दिवस बाहेरगावी गेली होती. सकाळी तिने फोन केला.

"बाबा, आज सराव आहे. लक्षात आहे ना?"

"सराव मी विसरेन होय?"

"सराव नाही. घशाचं."

"हो गं बाई, आहे लक्षात. तू तुझी पोरं सांभाळ."

फोन ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला. घशाचं काय? त्याने आवंढा गिळून पाहिला. घसा ठणठणीत होता, कुठे खवखव नाही की दुखणं नाही. पोरगी उगाच काळजी करते, आईवर गेलीय, असं म्हणून त्याने बूट चढवले.

मंगळवारचा सराव छान झाला. निदान त्याला तो तसाच आठवत होता. लख्ख ऊन होतं, पोरी दात काढत पळत होत्या, खारुताईने त्याच्या हातातून चेंडू हिसकावून त्याला मैदानभर पळवलं होतं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसा झाला?" आणि तो म्हणाला, "एकदम झकास." जेवायला बसताना त्याचं लक्ष आपल्या पँटकडे गेलं. दोन्ही गुडघ्यांवर चिखल वाळला होता. आपण कुठे गुडघे टेकले? त्याने आठवून पाहिलं. ऊन, चेंडू, खारुताईचं पळणं, आणि मग एकदम घरचं फाटक. मध्ये काही नव्हतं. पण समोर ताट होतं, बायको बघत होती. बुटाची नाडी बांधायला टेकले असतील, असं स्वतःला सांगून त्याने घास घेतला.

गुरुवारी तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला तेव्हा आत नेहमीचा कलकलाट नव्हता. पोरी बाकांवर बसल्या होत्या, निम्म्या बूट न घालताच. छकुली गावाहून थेट तिथे आली होती, पिशवी अजून खांद्याला. भिंतीशी फिजिओ उभी होती. आणि मधल्या बाकावर खारुताई, ताठ बसलेली. तिच्या हनुवटीपासून छातीपर्यंत पांढरा जाड पट्टा होता.

ठोकळा तिच्यासमोर उकिडवा बसला. "काय गं हे? कधी झालं? कुठे पडलीस?"

खारुताईने डोळे तेवढे त्याच्याकडे वळवले. नंतर फिजिओकडे. "मानेला धक्का बसला सर. त्या दिवशी काही वाटलं नाही, चालत घरी गेले. काल सकाळी उठताच येईना. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलीस. आणखी जराशी वळली असती तर हातपाय कायमचे गेले असते."

"पण कशाने?"

"मंगळवारी, सर. स्क्रम कोसळला तेव्हा."

"आपल्या सरावात?" तो ताडकन उठला. मानेवरची शीर तट्ट फुगली. "आपल्या सरावात स्क्रम कोसळतो आणि मला कोणी सांगत नाही? इतकी वर्षं मी हाक देतोय, माझ्या हाकेवर एक स्क्रम पडलेला नाही. एकीची मान मोडायची वेळ आली, आणि तुम्ही सगळ्या तोंडं शिवून बसलात? कोण देत होतं हाक?"

कोपऱ्यातली एक उंच पोरगी रागाने लाल झाली होती. सर आता अंग झटकताहेत, असं तिला वाटलं असावं. ती काहीतरी बोलायला उठली, आणि त्याचा चेहरा बघून तशीच खाली बसली. तो चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. तो खरंच उत्तराची वाट बघत होता. एकेकीच्या डोळ्यांतला राग गेला आणि त्या जागी भीती आली. ती भीती ठोकळ्याला दिसली. उंटासमोर बसताना आपण असेच दिसत असणार, एवढं त्याला तेवढ्यात कळून गेलं.

"कोण देत होतं?" त्याने पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

मैदानावर छकुली त्याला सर म्हणायची, अहोजाहो करायची. तो तिचाच नियम होता. ती पिशवी खाली ठेवून पुढे आली आणि तिने त्याचा हात धरला.

"बाबा, तू देत होतास."

त्याने फिजिओकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, अशी वेडी आशा होती.

फिजिओच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्ही पुढे आलात, म्हणालात, सरक, मी देतो. आवाज एकदम स्वच्छ होता. मला वाटलं, घसा बरा झाला. 'धरा' म्हणालात आणि थांबलात. खूप वेळ थांबलात. कोणाला तरी दम धरवला नाही, एक बाजू सुटली." तिने नाक पुसलं. "नंतर तुम्हीच गुडघे टेकून तिची मान दोन्ही हातांत धरून ठेवली होती, सर. ती उठून बसेपर्यंत सोडली नाही."

गुडघे टेकले होते. म्हणजे तो तिथे होता. ही पोर त्याच्या हातात होती, तिच्या मानेचा भार याच्या तळव्यांवर होता. त्याने तळहात वर करून पाहिले. मंगळवार शोधला. ऊन, चेंडू, पळणारी खारुताई, आणि मग घरचं फाटक. पुन्हा शोधला. जे उंटाच्या घरी येऊन बसलं होतं ते कधीच याच्या घरात आलं होतं, याच्या ताटात जेवत होतं, आणि याला पत्ता नव्हता.

"बाबा, घरी जाऊ," छकुली म्हणाली. "चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं सगळ्यांना. उद्या येऊन बोलू आपण."

जावंसं त्याला फार वाटलं. दार समोरच होतं. घरी जावं, पांघरूण ओढून घ्यावं, उद्या बघू. मग त्याला 'उद्या' हा शब्दच खटकला. उद्या यातलं काय शिल्लक राहणार होतं? उद्या तो उठेल, बूट चढवेल, घसा ठणठणीत आहे म्हणेल आणि हसत हसत हाक द्यायला उभा राहील. घाबरलेला, शहाणा झालेला हा माणूस उद्या नसेल. जे बोलायचं ते याच माणसाने, आत्ता, आठवतंय तोवर बोलायला हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "उद्या नाही. बसा सगळ्या."

सगळ्या बसलेल्याच होत्या. तोही समोरच्या बाकावर टेकला. हात त्याने मांड्यांखाली घातले.

"माझा घसा कधी बसलाच नव्हता," तो म्हणाला. "माझं डोकं जातंय. मला माहीत होतं, आणि मी लपवलं. खारुताई, तुझं वाटोळं व्हायचं वाचलं ते नशिबाने, माझ्यामुळे नव्हे. मी आजपासून तुमचा प्रशिक्षक नाही. संघाच्या अध्यक्षांना फोन लाव छकुली, इथूनच, माझ्यासमोर. पण आधी एक ऐका. मी परत येईन. दोन दिवसांनी म्हणा, चार दिवसांनी म्हणा. मला हे काही आठवत नसेल. मी तुम्हाला सांगेन, मी धडधाकट आहे, बाजूला व्हा, हाक मी देतो. तुम्हाला खरं वाटेल, मी तसाच बोलेन. चिडेन, शिव्या देईन, कदाचित रडेनही. माझी कीव करू नका. दोघीतिघी मिळून मला धरा आणि मैदानाबाहेर काढा. कितीही विनवण्या केल्या तरी सोडू नका. खारुताई, करशील ना एवढं? तू सांग. तुझ्याकडून मला ऐकायचंय."

खारुताईला मान हलवता येत नव्हती.

"हो सर," ती म्हणाली. "मी काढीन तुम्हाला बाहेर."